नव्या सायकलचा फोर्क आत बसतो तेव्हा

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा दोन पायांचा भाग) 120 मिलिमीटर दबणारा आहे आणि सायकलवर कुणी बसलेलं नसताना तो तीसेक मिलिमीटर आत गेलेला दिसतोय. हँडल वर ओढलंस की थोडा येतो, सोडलंस की पुन्हा आत. दुकानातला म्हणतो ‘हवा कमी आहे’. पण नुसती हवा कमी असती तर तो तुझ्या वजनाने दबला असता, रिकाम्या सायकलीत आत ओढला गेला नसता. हवा आहे, पण नको त्या कप्प्यात.

फोर्कच्या ज्या पायाच्या डोक्यावर हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो (बहुतेक फोर्कमध्ये डावा), त्या पायात पिस्टन असतो. पिस्टनच्या एका बाजूची हवा फोर्कला बाहेर ढकलते आणि दुसऱ्या बाजूची, म्हणजे निगेटिव्ह कप्प्यातली, आत ओढते. फोर्क जवळजवळ पूर्ण उघडा असताना पिस्टन नळीच्या आतल्या एका बारीक खळीसमोर येतो. तेवढ्यात हवा इकडची तिकडे होते आणि दोन्हीकडचा दाब जुळतो. कुणी व्हॉल्व्हची पिन दाबून घाईने हवा सोडली, की मुख्य कप्पा रिकामा होतो, निगेटिव्ह कप्पा मात्र भरलेलाच राहतो आणि फोर्क आत खेचला जातो. नव्या फोर्कमध्ये आणखी एक कारण असतं: जोडणी करताना ग्रीस जास्त लागलं तर ती खळीच बुजते. तिसरं कारण पिस्टनची सील गळण्याचं, आणि ते वॉरंटीचं काम आहे.

यातलं कोणतं कारण आहे हे तुला खोलीवरच शोधता येईल. त्यासाठी शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा, दाबाचा काटा असलेला छोटा हातपंप) लागेल, टायरचा पंप चालणार नाही. फोर्कमधल्या हवेची जागा इतकी थोडी असते की मोठ्या पंपाच्या एका दट्ट्यात दाब भलताच चढतो, आणि त्याचा काटा इतकं बारीक दाखवतही नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरजवळ तर फोर्क अजिबात नेऊ नकोस. फोर्कच्या पायावरच्या स्टिकरवर कमाल दाब लिहिलेला असतो, तो आधी वाच.

मग पंप जोड आणि 20-20 पीएसआयच्या टप्प्यांनी हवा भर. प्रत्येक टप्प्यानंतर पंप न काढता हँडल सावकाश आठ-दहा वेळा दाबून उचल. काटा खाली आलेला दिसेल. ती हवा निगेटिव्ह कप्प्यात गेलेली असते, गळालेली नसते. तुझ्या वजनासाठी जो दाब दिलाय त्याच्या थोडं वर जा, कमाल दाबाच्या मात्र आत राहा. आता पुढचं चाक तुझ्या दोन्ही पायांमध्ये घट्ट धर आणि हँडल जोरात वर ओढ. पिस्टन खळीपाशी पोहोचला की आतून बारीक ‘फुस्स’ ऐकू येईल आणि फोर्क मोकळा होऊन वर येईल. नंतर दाब उतरवायचा तोही असाच: दर वेळी 10 पीएसआय सोडायचं, मग हँडल दाबून उचलायचं. पंप काढताना जो फुसकारा येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, त्याने घाबरू नकोस. आणि पंप पुन्हा जोडलास की काटा आधीपेक्षा कमी दाखवणारच, कारण पंपाची नळी भरायला फोर्कमधली हवा खर्च होते. त्यावरून गळती ठरवू नकोस.

गळती ठरवायची ती पट्टीने. खालच्या पायावर जी काळी रबरी सील आहे, तिच्या वरच्या कडेपासून क्राउनच्या (वर दोन्ही नळ्या जोडणाऱ्या भागाच्या) खालच्या कडेपर्यंत चकचकीत नळी किती दिसते ते रात्री मोज आणि सायकल भिंतीला टेकवून ठेव. सकाळी माप तेवढंच भरलं तर नुसता दाब बिघडलेला होता, आणि फोर्क ठीक आहे. माप कमी भरलं आणि फोर्क पुन्हा आत बसला, तर हवा पिस्टनच्या सीलमधून पलीकडे जातेय. दाबच पार उतरला असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाक. बुडबुडे आले तर आतली पिन ढिली आहे. ती मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये असते तशीच असते, आणि ती आवळायची चावी पंक्चरवाल्याकडे मिळते.

वर ओढूनही फोर्क उघडला नाही तर तिथेच थांब. खालचे बोल्ट काढून बघू, असं कुणी म्हटलं तरी हात लावू द्यायचा नाही. निगेटिव्ह कप्प्यात दाब अडकलेला असताना पाय खोलला तर भाग अंगावर उडतात. शिवाय वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.

तोवर वेताळ टेकडीवर ही सायकल न्यायची नाही. पुढचा भाग खाली बसला की वजन पुढच्या चाकावर येतं, हँडल चंचल होतं, आणि उतारावर पुढचा ब्रेक लावताच हँडलवरून पुढे फेकली जाऊ शकतेस. सपाट रस्त्यावर कॉलेजला जायचं असेल तर दुसरं काहीतरी बघ.

सायकल हाताशी आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घे. पुढचा ब्रेक दाबून धर, सील आणि नळीच्या सांध्यावर बोट ठेव आणि सायकल पुढे-मागे हलव. बोटाला खटखट लागली तर आतले बुश (नळी ज्यांत सरकते त्या कड्या) ढिले आहेत. नळीवर तेलाचा पुसट पट्टा दिसला तर ते चांगलंच, त्याने सील ओली राहते. पायाच्या तळच्या बोल्टपाशी थेंब जमत असेल, किंवा दाबून सोडल्यावर फोर्क रिबाउंडची (परत उसळण्याचा वेग ठरवणारी) घुंडी कुठेही फिरवली तरी ताडकन उसळत असेल, तर दुसऱ्या पायातला डँपर (उसळी आवरणारा भाग) गेलेला असू शकतो. हेही वॉरंटीतच बसवून घ्यायचं.

दुकानात जाताना बिल, क्राउनच्या किंवा पायाच्या मागचा सिरियल नंबर आणि दोन्ही मापांचे पट्टीसकट फोटो घेऊन जा. तक्रार तोंडी नको, व्हॉट्सॲपवर तरी लेखी दे. ‘भरून दिली हवा’ म्हणून परत पाठवू लागले तर सकाळचं माप पुढे कर. ‘पिस्टन सील बदला, आणि खालच्या पायांत तेल किती आहे ते मोजून भरा’ एवढं स्पष्ट सांग. नव्या फोर्कमध्ये तिथे तेल कमी निघणं काही नवं नाही, आणि सीलखालच्या स्पंजच्या कड्या कोरड्या राहिल्या की नळी लवकर झिजते.

पट्टी नळीला समांतर धरून फोटो काढ, तिरकी धरलीस तर पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सकाळचं माप मला पाठव, मग वॉरंटीचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
आई