विषय: धावत्या मोटरसायकलचा वीजपुरवठा मध्येच तुटणे आणि 'दोष आढळला नाही' असे लिहून जॉब कार्ड बंद करणे, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय,

मी चिपळूणला राहतो आणि लोटे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. तुमच्या कंपनीची मोटरसायकल घेऊन रोज परशुराम घाटातून जा-ये करतो. ही गाडी चालता चालता संपूर्ण बंद पडते. इंजिन, हेडलाइट, मागचा दिवा, मीटर, सगळे एकदम जाते. कधी क्षणात परत येते, कधी चावी बंद करून पुन्हा फिरवावी लागते. त्यानंतर कित्येक दिवस गाडी अगदी व्यवस्थित चालते. तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी ती पुन्हा पुन्हा नेली आणि दरवेळी जॉब कार्डवर 'तपासले, दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती परत मिळाली. गाडी बिघडते याचे दुःख आहेच, पण मुख्य तक्रार या शेऱ्याबद्दल आहे.

गाडी बंद पडते तेव्हा मीटरवरचे घड्याळ पुसले जाते आणि १:०० पासून पुन्हा सुरू होते. हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. जॉब कार्डवर फक्त 'गाडी बंद पडते' एवढेच लिहिले गेले. खरे तर सगळा तपास या घड्याळापासून सुरू व्हायला हवा होता. चावी काढून गाडी रात्रभर उभी राहिली तरी घड्याळ बरोबर वेळ दाखवते, म्हणजे त्याला बॅटरीतून थेट पुरवठा आहे. मग धावत्या गाडीत ते पुसले जात असेल तर दोष चावीच्या स्विचमध्ये असूच शकत नाही, प्लगमध्ये तर नाहीच नाही. इंजिन आणि घड्याळ या दोघांनाही जिथून वीज मिळते ती जागा म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर). सीटखालचे वीतभर वायरिंग. तेवढे सोडून बाकी सगळे तपासले गेले.

आधी प्लग बदलला. मग चावीचा स्विच बदलला. मग बॅटरी बदलायला लावली आणि बॅटरीची वॉरंटी वेगळी असते असे सांगून तिचे पैसे माझ्याकडून घेतले. जुनी बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दाखवत होती. याचा अर्थ बॅटरीही ठीक होती आणि चार्जिंगही. हे आकडे पाहून कोणीही बॅटरीला दोष दिला नसता.

स्कॅनर लावला, एकही कोड आला नाही, म्हणून गाडी निर्दोष आहे, असे सुपरवायझर म्हणाले. सेन्सरमध्ये बिघाड झाला तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, तो कोडच्या रूपात नोंदवतो. पण ईसीयूचीच वीज गेली तर नोंद करणार कोण? कोड नसणे हासुद्धा इथे एक पुरावाच होता. शिवाय ही सगळी तपासणी कोरड्या शेडमध्ये, डबल स्टँडवर, वायरिंगला हातही न लावता झाली. गाडी बंद पडते ती खड्ड्यात आदळल्यावर किंवा भर पावसात. ज्या परिस्थितीत दोष येतो ती उभी केल्याशिवाय तो दिसणार कसा?

शेवटी चिपळूणमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने घड्याळाचे ऐकले आणि सरळ सीट काढली. इंजिन सुरू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे वायरिंग किटच्या अर्थवर लावले. आकडा ०.०४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ शून्य, जसा हवा तसाच. मग बॅटरीच्या ट्रेजवळचा वायरचा जुडगा दोन बोटांनी हळूच वर उचलला. आकडा २ च्या वर गेला, हेडलाइट मिणमिणला, इंजिन गचका देऊन बंद पडले आणि घड्याळ १:०० वर आले. वायर सोडली, परत चालू केले, पुन्हा उचलली, पुन्हा तेच. अर्थच्या वायरची लग (टोकाची धातूची कडी) जिथे दाबून बसवलेली आहे तिथे तांब्यावर हिरवा थर दिसतो. खारी हवा आणि पाऊस या जोडीपुढे तो जोड टिकलेला नाही. त्याने काहीही कापले नाही, सोल्डर केले नाही, बोल्टही उघडला नाही. याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

तो व्हिडिओ दाखवल्यावर सर्व्हिस सेंटरचे उत्तर असे आले की बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला, आता वॉरंटी लागू होणार नाही. हे मला अजिबात मान्य नाही. मोजणे म्हणजे फेरफार नव्हे.

हा बिघाड किती जीवघेणा आहे हे तुमच्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही. सेकंड शिफ्टवरून परतताना घाटाच्या वळणावर गाडी बंद पडली, तेव्हा मागून ट्रेलर उतरत होता. माझा मागचा दिवा विझलेला, ब्रेक लाइट नाही, एबीएस नाही, पाऊस कोसळतोय. मी अंदाजाने डोंगराच्या बाजूला सरकलो. दुचाकी दिसली पाहिजे म्हणून २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम झाला, आणि माझी गाडी नेमकी अशा वेळी रस्त्यावर अदृश्य होते. तेव्हापासून रात्रीच्या शिफ्टला मी ती नेत नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तुमच्या कंपनीचा तांत्रिक अधिकारी चिपळूणला यावा आणि माझ्यासमोर हीच चाचणी करावी. अर्थचा जोड तात्पुरता घासून न देता वायरिंग किट वॉरंटीत बदलून मिळावे. विनाकारण बदललेल्या बॅटरीचे पैसे परत करावेत. पूर्वीच्या सर्व जॉब कार्डांवर माझी तक्रार 'निराकरण झालेले नाही' अशी दुरुस्त करावी, कारण वॉरंटी संपत आली आहे आणि उद्या हीच कार्डे माझ्याविरुद्ध दाखवली जातील. या दोषापुरती वॉरंटी लेखी वाढवून द्यावी. कोकणात विकलेल्या याच मॉडेलच्या इतर गाड्यांचा हा जोडही तपासून घ्या, ही कळकळीची विनंती.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोन्ही कारणांसाठी मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार आजच नोंदवत आहे.

कळावे,
आपला ग्राहक
चिपळूण, जि. रत्नागिरी

सोबत: सर्व जॉब कार्डांच्या प्रती, बॅटरीचे बिल, चाचणीचा व्हिडिओ