सूचना : नातवंडांचा तान्हा पोळा, रविवार, 2 ऑगस्ट 2026

दुबई, शारजा, अबुधाबीहून नातवंडं आलेल्या सर्व सभासद आजी-आजोबांना नमस्कार.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे पोळा सप्टेंबरात गेला आहे. तिकडच्या शाळा ऑगस्टअखेर उघडतात, म्हणजे खऱ्या तान्ह्या पोळ्याला, मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, आपली मुलं इथे नसणार. नागपुरात येऊन लाकडी बैल न ओढता पोरं परत जावीत, हे काही मनाला पटत नाही. म्हणून आपण तो आधीच करतो आहोत, नेहमीच्या सभागृहात, सायंकाळी 5 वाजता.

बाजारात बैल पोळ्याच्या तोंडावरच येतात, म्हणून माळ्यावरचे जुने काढा. चाकं फिरतात का पाहा, तेल द्या. रंग उडाला असला तरी चालेल. झूल, बेगड आणि घुंगरू मुलांकडूनच लावून घ्या, आपण हात घालू नका. बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या मुलांना द्यायची भेट, म्हणून प्रत्येक घराने थोडी सुटी नाणी आणि खाऊ आणावा.

एक आग्रहाचं. तिकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे खेळणं घरात नाहीतर मॉलमध्ये. पाऊस तर वर्षाकाठी मोजकाच. इथे आलेल्या सरीत त्यांना मनसोक्त भिजू द्या, फुटाळा तलावावर न्या. फक्त संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डासांचे दिवस आहेत.

तिकडे थांबलेल्या आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर घेऊ. आपले 5 म्हणजे त्यांचे दुपारचे साडेतीन. रविवार असल्याने बहुतेकांना सुटी असेल. आजच कळवून ठेवा. मुलांची नावं आणि वयं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.