जुलाबाचे कारण शोधायचे की नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना होणाऱ्या संधिसाधू (म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याचा फायदा घेणाऱ्या) संसर्गांवरील आपला कालचा लेख वाचला. क्षयरोगाला त्यात अर्ध्याहून अधिक जागा मिळाली, याबद्दल तक्रार नाही. या रुग्णांचे सर्वाधिक बळी तोच घेतो. परंतु परजीवींच्या वाट्याला एकच वाक्य यावे आणि त्यातही ‘क्लोरीनयुक्त पाणी प्यावे’ एवढाच सल्ला असावा, हे मला सहन झाले नाही. पिण्याच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मरत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातूनच सुमारे ४ लाख लोकांना त्याची बाधा झाली होती. ज्यांच्या सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) फार कमी झाल्या आहेत त्यांनी पाणी उकळूनच प्यावे, हे स्पष्ट लिहायला हवे होते.

माझ्या आतेभावाला एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा तो कित्येक आठवड्यांच्या जुलाबांनी अंथरुणाला खिळला होता. ‘या आजारात असे चालायचेच’ असे आम्हाला एका दवाखान्यात सांगण्यात आले. शौचतपासणीचा अहवाल दर वेळी निर्दोष येई, कारण ती नेहमीच्या साध्या पद्धतीने केली जात असे आणि त्यात हे परजीवी सहज निसटतात. अखेरीस दुसऱ्या रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी क्षयाच्या जंतूंसाठी वापरतात त्याच जातीचे, थोडा बदल केलेले रंजन (नमुना रंगवण्याची पद्धत) करून नमुना पाहायला सांगितला, आणि तोही एकदाच नव्हे, कारण परजीवी रोजच्या रोज शौचातून बाहेर पडतोच असे नाही. सिस्टोआयसोस्पोरा नावाचा परजीवी सापडला. त्यावरचे औषध कोट्रायमोक्साझोल, म्हणजे कोणत्याही औषधदुकानात मिळणारी स्वस्त गोळी! काही दिवसांत जुलाब थांबले; पण तोवर माणूस निम्मा झाला होता.

मेंदूला ग्रासणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपासूनही हीच गोळी संरक्षण देते. मग तिचे नाव लेखात कोठेही का नाही? क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र असे हमखास औषध नाही. तेथे एआरटीने, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराने, प्रतिकारशक्ती सावरणे हाच खरा उपाय आहे. म्हणूनच कोणता परजीवी आहे हे शोधावे लागते, आणि रुग्णाच्या घरच्यांनी ती तपासणी मागून घ्यावी लागते. आपला लेख हजारो घरांत वाचला जातो, त्यातील काहींना आज याच माहितीची गरज असेल.

आणखी एक. लेखासोबत एआरटी केंद्राबाहेरील रांगेचे जे छायाचित्र छापले आहे, त्यातील किमान दोन चेहरे ओळखीच्या माणसाला सहज ओळखू येतील. संमतीवाचून कोणाचीही एचआयव्हीविषयक माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्या दोघांची संमती घेतली होती का, याचा खुलासा करावा; घेतली नसल्यास संकेतस्थळावरून ते छायाचित्र आजच काढून टाकावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली