वजा केलेले वीस नग

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

सुरुवात वाचूनच तुम्ही हसणार. "काय गं, कंपनीचं लेटर लिहायलीस की घरचं?" दोन्ही आहे म्हणा. पत्र उघडं आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांच्या हाताखाली यंदा नवी पोरं येणार आहेत त्यांनीही वाचावं म्हणून असं चारचौघांत लिहितेय. कारखान्यात ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. आणि नाव नाही घातलं तरी तिसऱ्या गेटापासून मच्छेपर्यंत निम्म्या लोकांना मामा म्हणजे कोण ते कळेलच.

गेल्या आठवड्यात मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ट्रेनींचा कागद होता. यंदा चार पदवीधर पोरं माझ्याकडे दिलेली, आणि सहा महिन्यांत दोन सोडून गेली. "आपण घ्यायचं, शिकवायचं, आणि पुणेवाल्यांनी न्यायचं. कशाला पाहिजे हा उद्योग?" असं ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे मीही वैतागलेच होते. ऑपरेटर पोरांना जवळ उभं करत नव्हते, पोरं मोबाईल बघत भिंतीला टेकलेली असायची, आणि मी दोघांवरही ओरडत होते. माझ्या वेळी असं नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं. माझ्या वेळचे ऑपरेटर प्रेमळ होते, आत्ताचे तसे नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मालक उठले, कपाटातून जुनी फाईल काढली आणि २०२२ सालच्या प्रॉडक्शन शीटा माझ्यापुढे टाकल्या. टर्निंगच्या, म्हणजे लेथच्या, तीन नंबर मशीनसमोर टार्गेट छापलेलं १२०. त्यावर निळ्या पेनाची काट, शेजारी १००, तुमची सही. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द: "पोरगी शिकतेय."

पान उलटलं, पुन्हा तेच. सहा आठवडे रोज तेच.

मामा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मला वाटायचं, तीन नंबरवरचे अण्णा मनाने मोठे, म्हणून हातातलं काम थांबवून मला जॉब कसा पकडायचा, जबडे कसे ट्रू करायचे, भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज कसा तिरका घालून सरळ करायचा, हे दाखवतात. ते मोठे होतेच. पण टार्गेटच्या वर जाणाऱ्या प्रत्येक नगाला त्यांना इन्सेंटिव्ह मिळायचा, आणि शेजारी माझ्यासारखी प्रश्न विचारणारी उभी राहिली की शिफ्टला वीसेक नग सहज कमी पडायचे. महिनाभराचा हिशेब केला तर एखाद्या घराचा किराणा. ते वीस नग तुम्ही आधीच वजा करून घेतलेत, म्हणून अण्णांना माझा राग राग करावा लागला नाही. माझ्या पोरांना शिकवणाऱ्यांचे नग मी वजा केले नव्हते. माझ्या डोक्यातच आलं नाही ते.

त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. उशीर झाला, पण मलाच आत्ता कळलं.

तुमच्याकडे यायच्या आधीचं वर्ष तुम्हाला थोडंसंच सांगितलं होतं. पुण्याच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत मी 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' होते. पत्रात नाव मोठं, गळ्यात निळी पट्टी. पहिले तीन दिवस एसी हॉलमध्ये स्लाईड दाखवल्या, चौथ्या दिवशी एका साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळाली, आणि पुढचे आठ महिने मी एक्सेलमध्ये आकडे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेत होते. ते आकडे कुठल्या मशीनवरून येतात, हे बघायला खाली जायची परवानगी कधी लागली नाही, कारण कुणी जायला सांगितलंच नाही. मूळ मार्कशीट त्यांनी ठेवून घेतल्या होत्या, त्या सोडवताना बाबांना दोनदा यावं लागलं. येळ्ळूरला परत आले तेव्हा गावात सगळे विचारायचे, "का गं, सुट्टीला आलीस?" राजहंसगडावर जाऊन बसायचे नुसती. इंजिनिअर व्हायची चूक केली, असं वाटायला लागलं होतं.

मग आपल्याकडे अप्रेंटिस म्हणून लागले. पैसे कमी, हे घरात कुणाला पटेना. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, पदवीधर इंजिनिअर त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आले, आणि २०१९ च्या नियमांनी माझ्यासारखीला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं, त्यातला निम्मा वाटा सरकारचा, चेन्नईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळामार्फत. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. बरेच कारखानदार इथंच थांबतात. स्वस्तात हात मिळाला, कायद्याची टक्केवारीही भरली. कायदा तर म्हणतो, अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकणारा. पण शिकवणाऱ्याच्या वीस नगांचं काय, हा रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही. तो तुम्ही पेनाने काढलात.

पहिला महिना तुम्ही मला कुठल्याही मशीनला हात लावू दिला नाहीत, त्याचा मला फार राग आला होता. पॅटर्न शॉप, मोल्डिंग (वाळूचे साचे करायचे ते), भट्टी, फेटलिंग (ओतलेला नग घासून साफ करायचा ते), मशीन शॉप, तपासणी, डिस्पॅच असं नुसतं फिरायचं आणि शनिवारी जेवणानंतर पाव तास तुमच्यासमोर बसायचं. तुम्ही विचारायचा, "या हप्त्यात कुणाचं काय दुखतंय ते सांग." मी पुस्तकातलं सांगायला लागले की, "ते ऱ्हाऊ दे. माणसाचं सांग." आणखी एक अट होती. मोल्डिंगला जायचं तर कन्नड शिकायचं. नीर म्हणजे पाणी हे येत होतं, उसुकु म्हणजे वाळू हे तिथं शिकले. आमच्या घरात कन्नड म्हटलं की काही वयस्कर मंडळींच्या कपाळाला आठी पडते, सीमाभागात हे काय नवीन सांगायचं. तुम्ही त्या वादात पडला नाहीत. "वाळूचं दुखणं वाळूवाल्याच्या भाषेतच कळतंय बघ," एवढंच.

आणि बायकांचं स्वच्छतागृह! फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या, बाजूला नव्हतंच. मी सकाळपासून पाणी न पिता भट्टीजवळ उभी राहायची, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मामींनी म्हणे एका रविवारी तुम्हाला विचारलं, "ती पोरगी जाती कुठं?" दुसऱ्याच आठवड्यात गवंडी हजर. मुलींना ट्रेनी म्हणून घेतो असं जाहिरातीत छापणाऱ्यांनी आधी हे बघावं. बाकीच्या योजना नंतर.

आता त्या ब्लोहोलबद्दल, म्हणजे ओतलेल्या धातूत राहणाऱ्या पोकळ छिद्रांबद्दल. हे सगळ्यांना सांगायचंच आहे, कारण वीस नगांची भरपाई कंपनीला इथं झाली.

व्हॉल्व्ह बॉडीचे कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, मशीनवर बोअर करताना (आतलं भोक कापताना) आत पोकळ निघायचे. सगळी मशीनिंग झाल्यावर शेवटच्या पासला छिद्र दिसायचं, म्हणजे वीज, टूल, वेळ सगळं घालवून झाल्यावर. मशीन शॉप म्हणायचं, कास्टिंगचा दोष. फाउंड्री म्हणायची, आमच्याकडून बघून ओके दिलंय. दोघांच्या दोन वह्या. फाउंड्रीच्या वहीत ओतल्याची तारीख, मशीन शॉपच्या वहीत मशीनवर चढवल्याची तारीख, आणि मधे माल आठ-पंधरा दिवस यार्डात पडलेला. दोन वह्यांचा मेळ लागणारच नाही, अशीच रचना. हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओतणीतला नग ते सांगणारा आकडा, कास्टिंगवर असायचा, पण फेटलिंगला ग्राइंडर फिरवला की तोच आधी जायचा.

तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तू सगळीकडं फिरून आलीस. दोन्ही वह्या बघितलेली या कंपनीत तू एकटीच आहेस. बघ की जरा." बाकी काही नाही. कसं करायचं ते सांगितलं नाहीत. पण हे काम माझं आहे, असं क्वालिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सांगितलंत.

महिनाभर मी फेटलिंगच्या आधी प्रत्येक बॉडीवर पेंटने हीट नंबर लिहीत होते, आतल्या बाजूला, ग्राइंडर पोचणार नाही तिथं. मग दिसायला लागलं. पोकळ नग बहुतेक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीत ओतलेले. अण्णांना सांगितलं तर ते हसले. "सुट्टीनंतरचं कास्टिंग पोकळच असतंय की. आम्हाला ठाऊक हाय." वाळू मळणाऱ्या गोकाककडच्या माणसाला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तर त्यालाही ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी वाळू सुकते, सकाळी तो अंदाजाने पाणी जास्त घालतो. आपल्या हिरव्या वाळूत (साच्याच्या ओलसर वाळूत) ओल तीन-चार टक्के असावी लागते. जास्त झाली की तापलेला रस पडताच वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. ओल मोजायचं यंत्र लॅबमध्ये होतं, पण लॅब नऊला उघडायची आणि पहिली ओतणी सातला.

म्हणजे दुखणं दोघांना माहीत होतं, दोघांमध्ये शंभर पावलांचं अंतर, आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मी फक्त इकडून तिकडे गेले. पुढे लॅबचा एक माणूस साडेसहाला यायला लागला आणि वाळूचा पहिला घाणा मोजल्याशिवाय साच्याला जायचा बंद झाला. रिजेक्शन संपलं असं नाही, आकसणीचे (थंड होताना धातू आकसून बिघडलेले) नग अजून निघतात, पण त्या विशिष्ट पोकळ नगांचा ढीग परत दिसला नाही. मीटिंगमध्ये तुम्ही अण्णांना आणि त्या वाळूवाल्याला उभं केलंत, मला नाही. तेव्हा जरा लागलं होतं. आता बरोबर वाटतं.

माझी चूकही लिहून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी नुसतं कौतुक छापलंय. मशीनमध्ये टूल ऑफसेट, म्हणजे हत्यार किती सरकवायचं तो आकडा, घालताना दशांश चिन्ह एक घर सरकलं, बोअर जवळजवळ मिलिमीटरभर मोठा झाला, आणि गेज न लावता मी चार नग काढले. चारही भंगारात. पगारातून कापतील म्हणून रडत बसले होते. तुम्ही खडू दिलात आणि फळ्यावर लिहायला लावलंत: काय झालं, किती गेले, कुणाच्या हातून. खाली माझं नाव. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर त्याखाली एका जुन्या ऑपरेटरने आपलं नाव आणि आपले दोन नग लिहिले, कुणी न सांगता. तो फळा अजून आहे, मामा. मधे कुणीतरी त्यावर चहाचा हिशेब लिहायला सुरुवात केली होती, तो मी पुसला.

वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळालं. नोकरी द्यायचं कायद्याने बंधन नसतं, तरी तुम्ही मालकांना एक यादी दिलीत म्हणे, मी काय काय करू शकते त्याची, साध्या वहीच्या पानावर. माझ्या बरोबरचा मुलगा पुण्याला गेला. तुम्ही त्याला अडवलं नाहीत, उलट शिफारस दिलीत. तिथल्या कंपनीने गेल्या वर्षी व्हॉल्व्हची चौकशी पाठवली ती त्याच्यामुळेच, हेही त्या दिवशी केबिनमध्ये मी मालकांना आठवून दिलं. ते काही बोलले नाहीत. ट्रेनींच्या कागदावर 'चार' खोडून 'तीन' केलं आणि सही केली. तीन तर तीन. तिघांचेच नग वजा करायला मिळाले तरी पुष्कळ.

सोमवारपासून मी शीटवर काट मारायला लागले. तीन नंबरवर आता अण्णांचा पुतण्या आहे, पहिल्या दिवशी १०० बघून त्याला वाटलं मशीन दुरुस्तीला काढलंय. शेऱ्यात काय लिहावं सुचेना, म्हणून तुमचंच उचललं: "पोरगा शिकतोय."

एक विचारायचं राहिलं. वीस नग सहा आठवडेच का वजा केलेत? सातव्या आठवड्यापासून शीटवर पुन्हा १२० आहे, आणि मला आठवतं त्याप्रमाणे अण्णा तेव्हाही शिकवतच होते. की तिथं मी काहीतरी मदत करायला लागले होते? हे मला नवीन पोरांसाठी कळायला हवं. रविवारी संध्याकाळी येते घरी. कुंदा आणत नाही, तुमची शुगर वाढलीय म्हणून मामींनी फोनवर दम दिलाय. शीटा घेऊन येते.

तुमची,
येळ्ळूरची पोरगी