निरोप कोणी ऐकला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अलीकडे हार्मोनांवरचे लेख वरचेवर येतात. हा विषय आपण हाती घेता याचे समाधान आहे, पण लेख वाचून झाला की दर वेळी चुटपुट लागून राहते. डोपामाइन म्हणजे आनंद, सेरोटोनिन म्हणजे समाधान, ॲड्रिनॅलिन म्हणजे भीती, अशा जोड्या लावून दिलेल्या असतात आणि खाली तो-तो पदार्थ वाढवण्याचे किंवा कमी करण्याचे उपाय. शरीरात निरोप कोणता निघाला एवढेच वाचकाला कळते. तो कोणत्या पेशीने घेतला, कोणत्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या कोणत्या प्रथिनावर, घेतला आणि पेशीच्या आत त्याचे पुढे काय झाले, हे येतच नाही. आणि परिणाम ठरतो तो नेमका तिथे. औषधशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ही उणीव मला फार टोचते.

ॲड्रिनॅलिनचेच बघा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ते रक्तात येते आणि एकाच वेळी सगळीकडे पोचते. हृदयाच्या पेशींवर बीटा-1 जातीचे रिसेप्टर असतात, तिथे ठोके वाढतात. श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-2 असतात. ते स्नायू सैल पडतात आणि श्वास मोकळा होतो. त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-1 असतात; त्या आवळतात आणि माणूस पांढराफटक पडतो. एक स्नायू सैल, दुसरा आवळलेला, आणि रेणू मात्र तोच. 'ठोके वाढव' किंवा 'सैल पड' असा कोणताही हुकूम त्या रेणूत नसतो. त्याचा अर्थ लावणारी यंत्रणा प्रत्येक पेशीची आपापली असते.

हे कळायला विज्ञानाला फार वेळ लागला. 1905 मध्ये जॉन लँग्ली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवले, की स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडून पूर्ण निकामी होऊ दिला तरी निकोटीनने स्नायू आकुंचन पावतो आणि क्युरारे हे वनस्पतिजन्य विष दिले की ते आकुंचन दबते. म्हणजे ही दोन्ही द्रव्ये मज्जातंतूवर नाही, खुद्द स्नायूतल्याच कशावर तरी काम करत होती. निरोप 'घेणारे' काहीतरी स्नायूत आहे, असे त्याने मांडले. ते काहीतरी पुढची कित्येक दशके कोणाच्याच हाती लागले नाही. 1948 मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रिनॅलिनच्या परिणामांवरून अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असले पाहिजेत असे अनुमान काढले. त्या अनुमानावर विसंबून जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रिसेप्टर अडवणारे औषध तयार केले. रिसेप्टर डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी त्याला अडवणारे औषध रुग्णांच्या हाती पडले होते. मला हा प्रवास आजही थक्क करतो.

शाळेत आपण रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे किल्ली असे शिकतो. कोणता रेणू कुठे बसतो हे सांगायला ती उपमा ठीक आहे, पण पुढची सगळी हकिकत ती झाकून टाकते. ॲड्रिनॅलिन पेशीच्या आत जातच नाही. (स्टेरॉइड हार्मोनांचे वेगळे; ती पेशीपटल ओलांडून आत शिरतात आणि त्यांचे रिसेप्टर आत असतात.) ॲड्रिनॅलिनचा रिसेप्टर हा प्रथिनाचा एक लांब धागा आहे. तो पेशीपटलातून सात वेळा आरपार ओवलेला असतो. बाहेरच्या बाजूच्या खोबणीत रेणू बसतो, धाग्याची ठेवण किंचित बदलते आणि सातांपैकी सहाव्या पदराचे आतले टोक बाहेरच्या दिशेने सरकते. ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने 2011 मध्ये या क्षणाचे स्फटिकचित्र मिळवले. त्यात हे सरकणे 14 अँगस्ट्रॉम भरले, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. शरीरातली एवढी मोठी धांदल सुरू होते ती एवढ्याशा हालचालीने. पुढच्याच वर्षी कोबिल्का आणि रॉबर्ट लेफकोविट्झ यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टोक सरकले की आतल्या अंगाला निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला जागा मिळते. ते आपल्याजवळचा जीडीपी नावाचा छोटा रेणू सोडते, त्याच्या जागी एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी घेते आणि त्याचा एक भाग सुटा होऊन शेजारच्या एन्झाइमला जागे करतो. ते एन्झाइम एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूपासून सायक्लिक एएमपी नावाचे छोटे रेणू भराभर बनवू लागते. यकृताच्या पेशीत हे रेणू एका कायनेजला (फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमला) मोकळे करतात, ते दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट चिकटवते, ते तिसऱ्या एन्झाइमला, आणि तिसरे ग्लायकोजेनचे, म्हणजे साखरेच्या साठवणीतल्या रूपाचे, तुकडे पाडत सुटते. साखर रक्तात येते. साखळीतले एक एन्झाइम पुढच्या अनेक रेणूंना कामाला लावते, म्हणून बाहेर मूठभर रेणू आले तरी आत साखरेचा लोट उठतो.

सायक्लिक एएमपी सापडले ती अर्ल सदरलँड यांची प्रयोगाची रीत विद्यार्थ्यांना सांगताना मी कधी कंटाळले नाही. त्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांचे मिश्रण केले. त्यात ॲड्रिनॅलिन टाकले की ग्लायकोजेन फोडणारे एन्झाइम जागे व्हायचे. मिश्रणातला गाळ वेगळा काढला की वरच्या द्रवावर ॲड्रिनॅलिनचा काही परिणाम होईना. मग त्यांनी नुसत्या गाळात ॲड्रिनॅलिन मिसळले, तो गाळ तापवला आणि त्यातून निघालेला अर्क वरच्या द्रवात घातला. एन्झाइम जागे झाले! गाळात पेशीपटलांचे तुकडे होते. हार्मोनचा निरोप पटलाने घेतला होता आणि उष्णतेला दाद न देणारा एक वेगळाच छोटा रेणू तो पुढे नेत होता. हे काम 1957-58 च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि 1971 मध्ये सदरलँड यांना नोबेल मिळाले.

निरोप सुरू होणे जितके महत्त्वाचे तितकेच तो थांबणे महत्त्वाचे, आणि ही बाजू तर लेखांत औषधालाही सापडत नाही. जी-प्रथिन जीटीपीचा पुन्हा जीडीपी करून स्वतःच स्वतःला बंद करते. हे बंद होणे अडले तर काय होते ते पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णात दिसते. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दाखवले, की पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि जंतूविना नुसते ते विषही आतड्यात पाणी भरवते. पुढे उलगडले ते असे: हे विष आतड्याच्या पेशीतल्या जी-प्रथिनावर एक जोड चिकटवते आणि त्याची स्वतःला बंद करण्याची सोयच मोडते. सायक्लिक एएमपी बनत राहते, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडमागून पाणी आतड्यात ओतत राहते. तीव्र लागण झालेल्या रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. इथे कोणतेही हार्मोन 'वाढलेले' नसते. आणि मीठ-साखरेचे पाणी का उतरते? ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारे आतड्यातले प्रथिन या विषाच्या तावडीतून सुटलेले असते, त्या वाटेने पाणीही आत येते. जलसंजीवनीवरच्या आपल्या लेखांत हे चार ओळींत सांगता येईल. कारण कळले की माणूस उलट्या-जुलाबाच्या रुग्णाला पाणी बंद करण्याचा अघोरी उपाय करणार नाही.

आता सेरोटोनिन. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्याच्या रिसेप्टरांच्या चौदा जाती माहीत आहेत. त्यातल्या एकीला अडवणारे ऑन्डान्सेट्रॉन उलटी थांबवते. दुसऱ्या दोन जातींना चालना देणाऱ्या ट्रिप्टान गटाच्या गोळ्या अर्धशिशी कमी करतात. डोपामाइनही मेंदूत एका ठिकाणी हालचालींवर ताबा ठेवते, दुसरीकडे दूध आणणाऱ्या हार्मोनला रोखून धरते. अशा रेणूंना एकेका भावनेचे लेबल लावले की वाचक मनाच्या आजाराकडे टाकीतली पातळी कमी झाल्यासारखे बघू लागतो, आणि गोळीने आठवड्यात बरे वाटले नाही की ती सोडून देतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनचे पेशीत परत शोषले जाणे काही तासांतच अडवू लागतात, तरी गुण यायला काही आठवडे जातात. रिसेप्टर आणि त्यांच्यामागची साखळी यांना बदलायला वेळ लागतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. लेखात एवढे आले असते तर कितीतरी जणांनी धीर धरला असता.

मधुमेहाचा दुसरा प्रकार याहून जवळचा. सुरुवातीच्या काळात पुष्कळ रुग्णांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असते. स्नायूंच्या आतली साखळी क्षीण झालेली असते. एरवी इन्सुलिन रिसेप्टरवर बसले की रिसेप्टर स्वतःवरच फॉस्फेटच्या खुणा करतो, निरोप टप्प्याटप्प्याने आत जातो आणि पेशीच्या पोटात ठेवलेली ग्लुट-4 नावाची ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात. साखर आत घेतली जाते ती त्यांच्यातून. स्नायू आकुंचन पावले की हीच प्रथिने दुसऱ्या एका मार्गाने, इन्सुलिनचा निरोप नसतानाही, पृष्ठभागावर येतात. रोज भरभर चालायला का सांगतात याचे इतके नेमके कारण उपलब्ध असताना आपण 'चालल्याने इन्सुलिन सुधारते' एवढ्यावर वाचकाची बोळवण का करावी?

सामान्य वाचकाला हे जड जाईल, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. व्याजदर, पावसाचे कमी दाबाचे पट्टे, न्यायालयांचे निकाल आपण रोज समजावून सांगता आणि लोक ते नीट वाचतात. मान्यता मिळालेल्या औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश औषधे सात पदरांच्या या एकाच रिसेप्टर-कुळावर काम करतात. ज्या घरात रक्तदाबाची, दम्याची, ॲलर्जीची एखादी गोळी किंवा पंप आहे, त्या घरात हा विषय आधीच पोचलेला आहे.

माझी मागणी छोटी आहे. औषधावर लेख छापताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: ते कोणत्या रिसेप्टरवर बसते, त्याला चालना देते की अडवते, आणि ते बरेच दिवस घेतल्यावर पेशी आपल्या बाजूने काय बदल करते. तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत धोक्याचा तोच. बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या, गोळ्या दीर्घकाळ चालू असल्या की हृदयाच्या पेशी पृष्ठभागावरचे बीटा रिसेप्टर वाढवतात. अशा वेळी रुग्णाने बरे वाटते म्हणून गोळी एकदम बंद केली, तर नेहमीचेच ॲड्रिनॅलिन त्या वाढीव रिसेप्टरांवर जाऊन आदळते. छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. रक्तदाबावरच्या आपल्या पुढच्या लेखात निदान एवढी चौकट ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती. मजकूर हवा असल्यास मी लिहून देईन.

आपली,
औषधशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका