कोड पुसला, तक्रारही पुसली

महोदय,

वरणगावच्या आयुध निर्माणीतून, तपासणी विभागातून मी निवृत्त झालो. नग हातात घेतला की आधी लॉट नंबर पाहायचा, ही सवय अजून सुटलेली नाही. त्यामुळेच हे पत्र.

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास भुसावळहून घरी येत होतो. बॅटरी 62 टक्के दाखवत असताना इलेक्ट्रिक स्कूटरचा वेग आपोआप उतरला आणि गाडी महामार्गावरच थांबली. मागून केळीने भरलेला ट्रक येत होता. ड्रायव्हर सावध होता म्हणून बरं.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने लॅपटॉप लावला, बिघाड दाखवणारा एरर कोड पुसला. "काका, गाडी तापली होती. सावलीत लावत जा." जॉब कार्ड नाही आणि वॉरंटीत असल्याने बिलही नाही. म्हणजे कागदोपत्री माझी गाडी कधी बंद पडलीच नाही! सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्यातल्या दोघांची हीच कथा, कंपनीही तीच.

2022 मध्ये स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-156 हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं, ते योग्यच. पण बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची मर्यादा 45 अंश असते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतला पारा तिथवर जातो. पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल? लांबून आलेली गाडी तापल्या बॅटरीसकट लगेच चार्जिंगला लावू नये, एवढं तरी गाडी विकताना सांगा.

कारखान्यात धोका मोजताना तीन आकड्यांचा गुणाकार करतात: परिणाम किती गंभीर, दोष किती वेळा येतो आणि तो वेळेत पकडला जाणं किती अवघड. प्रत्येकाला 1 ते 10 गुण. भर रस्त्यात गाडी थांबणं मी 9 धरीन. किती वेळा, हा आकडा भरायचा कुठून? नोंदच नाही. तिसऱ्याला तर सरळ 10.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ नुसार सदोष गाड्या परत मागवता येतात, आणि त्याचा एक मार्ग म्हणजे विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी मालकांनी सरकारी पोर्टलवर नोंदवणं. मी माझी नोंदवली. इतरांनीही नोंदवावी, आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. परिवहन विभागाने बॅटरी पॅकचा नंबर, एरर कोड आणि त्या वेळचं तापमान लिहिलेलं जॉब कार्ड वॉरंटीतल्या कामालाही सक्तीचं करावं.

— एक वाचक, वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव)