जुनी एअर रायफल: आधी वायसर पाहा

संपादक महोदय,

खान्देशात शेतघराच्या माळ्यावर जुन्या स्प्रिंगच्या एअर रायफली पडून असतात. छर्रा जेमतेम पडतो म्हणून त्या दुरुस्तीला जातात आणि तिथे सरसकट नवी, कडक स्प्रिंग टाकली जाते. ही पद्धत थांबायला हवी.

दोष बहुधा पिस्टनच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या, वाटीसारख्या चामडी वायसरात असतो. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाने चामडे वाळते, आक्रसते आणि हवा कडेने निसटते. सायकलच्या पंपात होते तेच. असा वायसर चामड्याला चालणाऱ्या तेलात रात्रभर भिजवावा. कडा चिरलेल्या असतील तर नवा घालावा, वाटीचे तोंड पुढे ठेवून. नळीच्या बुडाशीही एक छोटा वायसर असतो. तिथे टिश्यू कागदाची पट्टी धरून छर्रा झाडावा; पट्टी हलली तर गळती तिथेच. इंजिन ऑइल मात्र नकोच. दाबाच्या उष्णतेने ते पेटते, मोठा आवाज होतो, लोक त्याला ताकद समजतात. प्रत्यक्षात वायसर जळतो आणि स्प्रिंग तुटते.

स्प्रिंग काचेवर लोळवून पाहावी. डगमगली तरच बदलावी. मुख्य म्हणजे, रायफल ताणलेली नसतानाही आत स्प्रिंग दाबलेलीच असते. म्हणून तिला मागून अडवणारा प्लग सुताराच्या लांब शिकंज्यात धरूनच सोडवावा. नाहीतर शेवटचा आटा सुटताच तो तोंडावर उडतो.

जोडणी झाल्यावर छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नये. पिस्टन थेट टोकावर आदळतो.

– एअर रायफल दुरुस्ती करणारे काही वाचक, जळगाव